पाठ टेकत नाही, त्यांचा एमआरआय

डहाणूतल्या मसोलीला डहाणू रोड स्टेशन जवळ आहे आणि 2013 पासून चर्चगेटची लोकलही मिळते. तरी आखडलेला कणा घेऊन तपासणीसाठी मुंबई गाठायची, तर सुमारे सव्वाशे किलोमीटरचा प्रवासच रुग्णाला थकवून टाकतो.

तपासणी टाळावी तर तेही धोक्याचे. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवातात कमरेखालच्या सांध्यांतले बदल एक्स-रेत दिसायला वर्षे लागू शकतात; एमआरआय तिथली सूज त्याआधीच दाखवू शकतो.

खरा त्रास यंत्रात शिरल्यावर. 20 ते 45 मिनिटे उताणे, निश्चल पडायचे. पोक आलेल्या माणसाचे डोके गादीला टेकतच नाही. वेदनेने तो हलला की चित्र बिघडते, तो भाग पुन्हा घ्यावा लागतो.

मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी 2018 मध्ये ऑक्सिजनचे धातूचे सिलिंडर एमआरआय यंत्राच्या चुंबकाने खेचले जाऊन एका नातेवाइकाचा जीव गेला. म्हणून तपासणीआधी धातूची चौकशी हवीच. पण ‘पाठ टेकवून किती वेळ झोपता येते?’ हेही प्रत्येक केंद्राने विचारलेच पाहिजे. गुडघ्यांखाली उशी, मानेला आधार, यांना खर्च तो किती!

या आजारात सकाळी ताठरपणा जास्त असतो. म्हणून रुग्णांनी दुपारची वेळ मागावी, वेदनाशामक कधी घ्यायचे ते डॉक्टरांना विचारावे आणि आपली अडचण नाव नोंदवतानाच सांगावी.