गिरणीत जेवायला

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजोबांना घेऊन मी मुंबईला गेले. मार्च २०२० पासून मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो बोट जाते, तासाभराचा प्रवास. आजोबांच्या वेळी त्याच धक्क्यावरून रेवसची लाँच असे. गिरणीतून सुट्टी मिळाली की ते तिनेच घरी येत.

माझा आतेभाऊ परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातील कचेरीत कामाला आहे. १९८२ च्या संपापर्यंत आजोबा तिथेच साचे चालवीत. म्हणून त्याने मुद्दाम आम्हांला त्या आवारातल्या हॉटेलात जेवायला नेले.

आत गेल्यावर मी दिवे आणि उघड्या विटांच्या भिंती पाहत राहिले. आजोबा मात्र छपराकडे पाहत होते. छपर करवतीच्या दातांसारखे, आणि काचा सगळ्या एकाच बाजूला. "उत्तरेला हायत," ते म्हणाले. "थेट ऊन नको, पण उजेड दिवसभर सारखा पायजे. नायतर तुटलेला धागा दिसणार कसा?" साच्यांच्या खडखडाटात बोलणे ऐकू येत नसे; ओठ आणि हात पाहून समजून घ्यावे लागे, हेही त्यांनी सांगितले. हॉटेलातली गाणी इतकी मोठ्याने लावली होती, की तेही आम्ही जवळजवळ तसेच ऐकले!

शोभेसाठी एका काचेच्या बरणीत लाकडी कांड्या भरून ठेवल्या होत्या. वाढणारा मुलगा त्या रोज पुसत असे. पण त्या कशाच्या, हे त्याला ठाऊक नव्हते. आजोबांनी एक हातात घेऊन धोट्यात ती कशी बसते आणि बाण्याचे सूत कसे सुटते, ते दाखवले. बघता बघता आणखी दोघे वाढपी येऊन उभे राहिले.

माझे काही मित्र म्हणतात, गिरणीत चैनीने जेवणे हा कामगारांचा अपमान आहे. मला तसे वाटत नाही. ते छपर पाडले असते, तर आजोबांना दाखवायला काय उरले असते? जेवणही चांगले होते, हे कबूल केले पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. इमारत राखली, पण तिथे काय चालत असे, हे सांगणारी एक ओळही कुठे लिहिलेली नव्हती. विटा जुन्या म्हणून मोलाच्या ठरल्या. त्यांच्यामध्ये राबलेली माणसे मात्र नुसतीच जुनी झाली.

दुसरा प्रश्न जागेचा. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची ढोबळ वाटणी अशी होती : एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांशाच्या आसपास घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. सर्वांना फिरायला जी जागा मिळायची, ती त्यामुळे फार आक्रसली.

आणि जेवणाचेच म्हणाल, तर गिरणगावाचे खरे जेवण खानावळीतले. घर गावाला सोडून आलेल्या हजारो कामगारांना तिथल्या बायकांनी रांधून वाढले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणीत हॉटेल काढणाऱ्याने निदान एवढे तरी भिंतीवर लिहावे.

परतल्यावर संध्याकाळी आम्ही दोघे मांडव्याच्या वाळूवर चालत गेलो. समोर मुंबईचे दिवे लागले होते. इथे चालायला आधी काही विकत घ्यावे लागत नाही. पण आपल्या किनाऱ्यावरही आता हॉटेले आणि बंगले वाढत आहेत. उद्या इथल्या एखाद्या जुन्या भातगिरणीतही टेबले मांडली जातील. जरूर मांडावीत, पण तिथे राबलेल्यांची हकिगत आपल्याजवळ लिहिलेली असू द्या.

आपल्या वर्गात अशी किती घरे निघतील, जिथे कोणी ना कोणी गिरणीत होते! त्यांच्याकडून साचा, कांडी, धोटा, बदली, पाळी, जॉबर हे शब्द अर्थासह लिहून घ्यावेत आणि पुढच्या वार्षिकात छापावेत, अशी संपादक मंडळाला विनंती आहे. आजोबांचे शब्द मी लिहायला घेतले आहेत.