डॉक्टर, खानावळ बंद करू का?

"बाहेरचं खाणं पूर्ण बंद करा." मधुमेहाचा रिपोर्ट समोर आला की आम्ही डॉक्टर मंडळी हे वाक्य सवयीने बोलून जातो. मीही बरीच वर्षं बोलत होतो. मध्यंतरी चाकण रस्त्यावरच्या एका कंपनीत कंत्राटी काम करणारा, पस्तिशीचा पेशंट माझं सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "सर, आम्ही खोलीवर चौघं राहतो. गॅस नाही. महिन्याची मेस लावलीय. ती बंद केली तर खाऊ काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात दुपारची ओपीडी आटोपून तळेगाव स्टेशनजवळच्या एका साध्या खानावळीत गेलो आणि राईस प्लेट मागवली. तीन चपात्या, मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, वरण-भात, पापड, लोणचं, कांदा-लिंबू. जेवण चांगलं होतं, हे आधी सांगून टाकतो.

आता डॉक्टरच्या नजरेने बघू. मोड आलेली मटकी म्हणजे प्रथिने आणि तंतू, दोन्ही. डाळीत जे अमिनो आम्ल कमी असतं ते तांदळात मिळतं आणि तांदळात कमी असतं ते डाळीत, म्हणून वरण-भाताची जोडी शहाणी आहे. लिंबामुळे उसळीतलं लोह अंगी लागतं. अडचण आहे ती चपात्या, बटाटा आणि भात हे तिन्ही एकाच ताटात येण्याची, वर भात दुसऱ्यांदा घेण्याची. दुसरी अडचण मिठाची. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं तर खारट असतंच, पण पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच.

म्हणजे प्रश्न ताट कुठे वाढलं याचा कमी आणि किती वाढलं याचा जास्त आहे. याचं एक मोठं उदाहरण क्युबात घडलं. तिथलं रोजचं जेवण म्हणजे काळा घेवडा आणि भात, आपल्या राजमा-चावलचा भाऊच. १९९० नंतर सोव्हिएत मदत आटली, अन्न आणि इंधन दोन्ही कमी पडलं. लोक कमी खाऊ लागले, चालू लागले, सायकली चालवू लागले. माणशी सरासरी पाचेक किलो वजन उतरलं आणि पुढे मधुमेह व हृदयविकाराचे मृत्यू घटले. अन्न परत आलं, वजनं वाढली, मधुमेहही वाढला. मात्र उपाशी राहण्याचा सल्ला यातून कुणी घेऊ नये. त्याच काळात तिथे पन्नास हजारांवर लोकांच्या नजरेवर आणि नसांवर परिणाम झाला होता. कुपोषण आणि बी जीवनसत्त्वांची कमतरता हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं.

तर त्या पेशंटला मी पुन्हा बोलावलं. सांगितलं, मेस चालू ठेव. आधी कांदा-काकडी आणि उसळ खा, मग चपाती. दोन चपात्या घेतल्यास तर भात अर्धी वाटी. उसळ दुसऱ्यांदा माग, भात नको. पापड-लोणचं शेजाऱ्याला दे. तिसऱ्या पाळीला जाताना जेवण चुकवून साखरेची गोळी घेऊ नकोस, काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते आणि मशीनसमोर चक्कर येणं परवडणारं नाही. (गोळीची वेळ पाळीनुसार बदलायची असेल तर आपल्या डॉक्टरांनाच विचारा, मित्राला नव्हे.)

मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना खानावळवाल्या बायकांनीच जेवू घातलं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणून बँकेची कर्जं मिळवून दिली. आज आपल्या एमआयडीसी पट्ट्यातली पोरं अशाच ताटावर जगतात. त्यांना घरच्या जेवणाचं प्रवचन देण्यात मला आता अर्थ वाटत नाही.

निघताना मी मावशींना विचारलं, रोज बटाटा का? त्या हसल्या. "डॉक्टर, पालेभाजी निवडायला एक बाई लावावी लागते. तिचा पगार ताटावर टाकला तर ही पोरं वडापाववर जातील." आठवड्यातून दोनदा तरी कोबी किंवा दुधी करा, निवडायचं काम नाही, असं मी सुचवलं. मंगळवारी कोबी होता, असं पेशंट सांगत होता.