विश्वासू हातांचीं नांवें

लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबेच्या फरशींत डेव्हिड लिव्हिंग्स्टन याची समाधिशिला आहे. विश्वासू हातांनीं त्याचा देह भूमि व समुद्र ओलांडून येथें आणला, अशा अर्थाचा मजकूर तीवर कोरलेला आहे. ते हात कोणाचे, हें मात्र शिळा सांगत नाहीं. त्यांपैकीं कांहीं हात आपल्या नाशिकास वाढलेले होते, हें किती वाचकांस ठाऊक असेल?

नाशिकजवळ शरणपूर ही वस्ती मिशनऱ्यांनीं १८५४ सालीं वसविली. अरबी गलबतांतून विक्रीसाठीं नेलीं जाणारीं आफ्रिकन मुलें इंग्रजी आरमार समुद्रांत सोडवी. त्यांतलीं कित्येक शरणपुरास धाडण्यांत येत. मायदेशीं परत न्यावीं, तर पुन्हां पकडलीं जाण्याचें भय. येथें तीं अक्षरें शिकलीं, सुतारकी-लोहारकी शिकलीं. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. १८७३ च्या मे महिन्यांत लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेंत वारला, तेव्हां झाडावर त्याचें नांव कोरलें तें जेकबनें. मग सूसी आणि चूमा यांच्या पुढारपणाखालीं त्या मंडळींनीं हजार मैलांहून अधिक वाट तुडवून तो देह समुद्रकांठीं पोंचविला. त्याच वर्षीं झांजिबारचा गुलामबाजार बंद झाला. पुढें शरणपूरच्या अनेकांनीं मोंबासाजवळ फ्रिअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी करण्यास हातभार लावला.

परंतु परकीयांच्या पापाची उजळणी करून आपण सुटत नाहीं. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे. विकत घेतलेली दासी. वाड्यांतील दळणकांडण, झाडसारवण तिच्या वांट्याचें. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें गुलामावरील मालकी हक्क न्यायालयांनीं मानणें बंद झालें, आणि १८६० च्या दंडसंहितेनें माणसाची अशी खरेदीविक्री गुन्हा ठरली. तोंवर तिची किंमत लिहिणाऱ्या कारकुनाला तिचें दुःख लिहिण्याचें कारण नव्हतें.

अनेक घराण्यांनीं आपले कुलवृत्तांत छापले आहेत. इनामें, सनदा, वंशवेल यांची त्यांत नीट नोंद असते. आपल्याही घरचे जुने रुमाल सोडतांना एखाद्या कुणबिणीचें नांव हातीं लागलें, तर तें वगळूं नये. किंमतीसह त्याच ग्रंथांत लिहावें. लाज वाटेल, ती वाटूं द्यावी. वेस्टमिन्स्टरच्या शिळेला जें साधलें नाहीं, तें एका घरगुती वहीला साधेल.