निर्जंतुकीकरण वस्तूंचे, माणसांचे नव्हे

टाळेबंदीच्या काळात, मार्च 2020 मध्ये, उत्तर प्रदेशातील बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाची फवारणी करण्यात आली. पथकाला बसगाड्यांच्या निर्जंतुकीकरणाचे आदेश होते, असे प्रशासनाने नंतर सांगितले. माणसांवर अशी फवारणी करू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 18 एप्रिल 2020 रोजी स्पष्ट केले. या सूचनेमागील कारण रसायनशास्त्रात आहे.

घरगुती ब्लीचमध्ये हेच रसायन असते. पाण्यात त्यापासून काही प्रमाणात हायपोक्लोरस आम्ल तयार होते. या आम्लाच्या रेणूवर विद्युतभार नसल्याने तो जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि तेथील प्रथिनांचे ऑक्सिडीकरण करतो. उकळत्या पाण्यात अंड्याचा बलक गोठावा, त्याप्रमाणे ही प्रथिने उलगडून एकमेकांना चिकटतात व निकामी होतात. विषाणूंच्या प्रथिनांवरही या रसायनाचा आघात होतो.

मात्र हे रसायन जंतू आणि इतर सेंद्रिय पदार्थ यांत भेद करीत नाही. फरशीवर मळ असल्यास ते मळातच खर्ची पडते. म्हणून आधी फरशी धुणे आवश्यक असते. त्वचा आणि डोळे यांनाही त्यापासून इजा होते. शिवाय, शरीरात शिरलेल्या विषाणूपर्यंत बाहेरील फवारणी पोहोचूच शकत नाही. बसगाडीच्या दांड्यासाठी उपयुक्त ठरणारे द्रावण प्रवाशाला केवळ अपाय करते, हाच बरेलीच्या घटनेचा धडा आहे.