घर आणि आरोग्य : घरच्या गर्भचाचणीचा भरवसा किती?

गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले. पत्र चार पानांचे आहे व त्यातील बराच मजकूर खाजगी आहे. परंतु तिने विचारलेला प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जाणारा असल्यामुळे, तिच्याच अनुमतीने, आज त्याचा विचार करण्याचे योजिले आहे.

या भगिनीच्या लग्नाला तीन वर्षे झाली. अद्याप मूलबाळ नाही. पाळीला चार दिवस अवकाश असतानाच तिने बाजाराला निघालेल्या नवऱ्याकरवी औषधाच्या दुकानातून चाचणीचे कार्ड आणविले. दुसरी रेघ उमटली, पण फारच पुसट. तिने ती सासूबाईंना दाखविली, सासूबाईंनी थोरल्या जावेला, आणि त्या संध्याकाळच्या जपमाळेपूर्वीच बातमी चार घरांत पोहोचली. पुढे सहा दिवसांनी रक्तस्राव सुरू झाला. तेव्हा एकीने म्हटले, विहिरीचे पाणी ओढलेस, भातलावणीला वाकलीस, म्हणून गेले. दुसरी म्हणाली, काही नव्हतेच, ती कार्डे खोटी असतात. ‘यांपैकी खरे काय?’ असे ती विचारते.

माझ्या मते दोघींचेही चुकले. तिचे कार्ड बहुधा खरे बोलत होते, आणि जे गेले ते पाणी ओढल्यामुळे गेले नाही. हे कसे, ते समजण्यासाठी कार्ड नेमके काय पाहते हे ठाऊक असले पाहिजे.

स्त्रीबीजाचे फलन बीजनलिकेत होते. तेथून तो अंकुर हळूहळू गर्भाशयात उतरतो व त्याच्या अस्तरात रुजतो. या रुजण्याला साधारणपणे बीज सुटल्यापासून सहा ते बारा दिवस लागतात. बहुतेक वेळी ते आठव्या ते दहाव्या दिवशी घडते. अंकुर रुजला की ज्या भागापासून पुढे वार बनावयाची असते तो भाग एक संप्रेरक निर्माण करू लागतो. डॉक्टर त्याला एच. सी. जी. म्हणतात. ते आईच्या रक्तात उतरते, रक्तातून लघवीत येते, आणि आरंभीच्या आठवड्यांत दर दोन ते तीन दिवसांनी दुप्पट होत जाते. कार्डाच्या पट्टीवर याच संप्रेरकाला धरून ठेवणारी प्रतिपिंडे लावलेली असतात. ते पुरेसे असले की रेघ दिसते. म्हणजे कार्ड मूल पाहत नाही, मुलाच्या वारेने धाडलेला निरोप तेवढा वाचते. अंकुर रुजण्यापूर्वी निरोपच नसतो, मग कार्ड कितीही महाग असो.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात याविषयी मोठे चिकाटीचे संशोधन झाले. मूल होऊ इच्छिणाऱ्या २२१ स्त्रियांनी रोज सकाळची लघवी साठवून दिली व शास्त्रज्ञांनी ती अतिसूक्ष्म परीक्षेने तपासली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात १९८ गर्भधारणा आढळल्या. पैकी शेकडा २२ अशा होत्या की त्या कोणाच्या लक्षात येण्यापूर्वीच संपल्या होत्या. इतकी ही गोष्ट सामान्य आहे. पूर्वीच्या आयाबाया ‘यंदा पाळी दोन दिवस लांबली’ एवढेच म्हणून कामाला लागत, कारण त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. आज कार्डामुळे कळते, आणि कळल्यामुळे दुःखही होते. अशा अगदी आरंभीच्या नुकसानीचे कारण बहुतांशी अंकुराच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. तो दोष पहिल्या दिवसापासून असतो. घागर, लावणी, पपई, कोणाची दृष्ट यांचा त्याच्याशी संबंध नाही. ज्या घरात सुनेला असे बोल लावले जातात, तेथील वडीलधाऱ्यांनी हा परिच्छेद कृपया पुन्हा एकदा वाचावा.

आता चाचणी केव्हा करावी? पाळी ठरल्या दिवशी आली नाही, त्या दिवसानंतर. आणि धीर धरवत असेल तर त्यानंतर आठवड्याने. त्याच संशोधनाच्या आधारे २००१ साली असा हिशेब मांडण्यात आला की, पाळी चुकण्याच्या पहिल्या दिवशी शेकडा सुमारे १० गर्भ अद्याप रुजलेलेच नसतात. तेव्हा त्या दिवशी कोणतीही चाचणी, मग ती कितीही चांगली असो, शेकडा ९० पेक्षा अधिक गर्भ ओळखू शकत नाही. आठवडा थांबले की हे प्रमाण शेकडा ९७ पर्यंत जाते. मग पाकिटावर ‘९९ टक्के अचूक’ असे छापलेले असते त्याचे काय? ते साधारणतः प्रयोगशाळेतील परीक्षेचे फळ असते. पाळीपूर्वी चार दिवस, संध्याकाळी, ताक पिऊन झाल्यावर केलेल्या चाचणीला ते लागू नाही.

ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांना ‘ठरलेला दिवस’ नसतो. त्यांनी शेवटच्या संबंधापासून २१ दिवस मोजावेत व मग चाचणी करावी. अंगावर पाजणाऱ्या मातांचेही असेच. बाळंतपणानंतर पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असा गावोगाव समज आहे. परंतु बीज पाळीच्या आधी सुटते, त्यामुळे एकही पाळी न येता दुसऱ्यांदा दिवस राहू शकतात. पाचव्या महिन्यात पोट हलू लागल्यावर उलगडा झालेल्या माता मी स्वतः उपकेंद्रात पाहिल्या आहेत.

कृती सोपी आहे, पण तीत घाई होते. सकाळी उठल्याबरोबरची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्यावी, कारण ती दाट असते. पाकिटावरची मुदत पाहावी. आपल्याकडील पावसाळ्यात ओलावा फार. पाकीट चुलीजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नये, आणि चाचणीच्या वेळीच फोडावे. सोबतच्या नळीने सांगितले तितकेच, बहुधा दोन-तीन, थेंब खळग्यात टाकावेत व सांगितलेल्या वेळी, बहुधा पाच मिनिटांनी, पाहावे. ‘सी’ या अक्षरासमोरची रेघ उमटलीच पाहिजे. ती नसेल तर कार्ड बिघडलेले समजून दुसरे घ्यावे. ‘टी’ समोरची रेघ पुसट असली तरी ती रेघच होय. मात्र वेळेत काही न दिसता दुपारी केरात टाकताना जी करडी छटा दिसते, ती लघवी वाळल्याची खूण असते. तिच्यावरून कोणाला पेढे वाटू नयेत.

रेघ आली नाही आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा पाहावे. तरीही तेच घडल्यास डॉक्टरकडे जावे. पाळी थांबण्याला थायरॉइडचा विकार, अशक्तपणा, मनावरचा ताण अशी इतरही कारणे असतात. उलटी चूक, म्हणजे गर्भ नसताना रेघ येणे, विरळ आहे. नुकताच गर्भपात किंवा बाळंतपण झाले असेल तर संप्रेरक काही आठवडे अंगात रेंगाळते. मूल व्हावे म्हणून डॉक्टरांनी त्याच संप्रेरकाचे इंजेक्शन दिले असल्यासही रेघ येते. क्वचित द्राक्षगर्भासारख्या विकारात ती येते, व त्याला लगेच उपचार लागतात. तापाच्या किंवा डोकेदुखीच्या साध्या गोळ्यांनी चाचणी बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र कार्डाला मुळीच कळत नाही, ती म्हणजे गर्भ कोठे आहे. तो गर्भाशयाऐवजी नलिकेतच रुजला तरी रेघ तशीच येते. अशा वेळी ओटीपोटात, बहुधा एका बाजूला, जोराची कळ, थोडा रक्तस्राव, घेरी, कधी खांद्याच्या टोकाशी दुखणे अशी लक्षणे होतात. नलिका फुटली तर पोटात रक्त साचून तासाभरात जीव धोक्यात येतो. रेघ आलेली आहे आणि असे दुखते आहे, तर सकाळची वाट पाहू नये, काढा देऊ नये, पोट चोळू नये. १०८ ला फोन करून जेथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशा इस्पितळात न्यावे, आणि चाचणीत रेघ आली होती हे तेथे प्रथम सांगावे. पाळी चुकली असताना क्ष-किरण काढण्याचा किंवा फिट्स, रक्तदाब, मुरुमे यांवरील औषधांचा प्रश्न आला तरीही डॉक्टरांना आधी हेच सांगावे.

या सर्व सोयीला फार वर्षे झालेली नाहीत. १९२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम व झोंडेक या डॉक्टरांनी स्त्रीची लघवी उंदराच्या पिलांना टोचून गर्भ ओळखण्याची रीत काढली. मग ससे आले, मग आफ्रिकेतील बेडूक. उंदीर-सशांना उत्तर काहीही येवो, प्राण द्यावाच लागे. १९६० साली स्वीडनमध्ये प्राण्यावाचून परीक्षा निघाली. आणि १९६७ साली न्यू जर्सीतील मार्गारेट क्रेन नावाच्या एका चित्रकार तरुणीने प्रयोगशाळेतील नळ्यांच्या रांगा पाहून, हे स्त्रिया घरी का करू शकणार नाहीत, असा विचार केला व पहिली घरगुती पेटी घडविली. तिच्या हक्कापोटी एक डॉलर ठरला होता. तोही तिला मिळाला नाही, असे तिनेच सांगितले आहे. आज आपल्याकडे सरकारी ‘निश्चय’ हे कार्ड आशाताईंकडे विनामूल्य असते. दुकानदार ओळखीचा म्हणून संकोच वाटणाऱ्या भगिनींनी आशाताईंना किंवा उपकेंद्रातील नर्सबाईंना विचारावे. त्यांनाही बातमी वाड्यावर नेऊ नये असे स्पष्ट सांगायला हरकत नाही.

आता पुन्हा खानापूरच्या भगिनीकडे वळतो. मुली, एवढ्या आरंभी गेलेल्या गर्भाने पुढची आशा खुंटत नाही. एका अर्थी, बीज रुजू शकते एवढे तरी कळले. पण तीन वर्षे हा काळ थोडा नाही. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी करावी असा डॉक्टरांचा नियम आहे, व ती दोघांची करावयाची असते. तू एकटी जाऊ नकोस, नवऱ्याला बरोबर घे. त्याची तपासणी तुझ्याहून सोपी आहे. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारून आजपासूनच रोज सुरू कर. बाळाच्या मेंदूची व कण्याची नळी फलनापासून सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळदा कार्ड हाती येण्यापूर्वीच. पुढच्या खेपेस पाळी चुकून आठवडा लोटला की कार्ड कर, आणि रेघ आली तर पहिल्या १२ आठवड्यांच्या आत उपकेंद्रात नाव नोंदव. तोपर्यंत हे तुम्हा दोघांतच राहिले तरी चालेल. सासूबाईंना मी वेगळे पत्र लिहिले आहे.