शहरातील जुन्या टाक्या आणि टेलचे शेतकरी

केंद्र सरकारने 2019 मध्ये जलजीवन योजना जाहीर केली, तेव्हा ग्रामीण माणसाला दिवसाकाठी 55 लिटर पाणी पुरे, असे ठरविले. शहरी माणसासाठी मात्र 135 लिटरांचा निकष रूढ आहे. आता पुण्यातील एखाद्या जुन्या इमारतीतील शौचालयाची टाकी पाहावी. तिच्यात दहा-बारा लिटर पाणी मावते. दिवसातून पाच वेळा ती रिकामी झाली, तर निरवांगीतील एका माणसाच्या पिण्याच्या, स्वयंपाकाच्या, आंघोळीच्या व धुण्याच्या पाण्याइतके पाणी केवळ मैला ढकलण्यात खर्च होते. या विषमतेकडे आपण आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही. धरणे, कालवे, आवर्तने यांवर आपण मोर्चे काढले. इमारतीच्या आत शिरलेले पाणी मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले.

उपाय अवघड नाही. जुन्या टाकीच्या जागी तीन व सहा लिटरांची दोन बटणांची टाकी बसवावी. तोटीला हवा मिसळणारी जाळी लावावी. मिनिटाला दहा-पंधरा लिटर ओतणारी तोटी त्यामुळे निम्म्याहून कमी पाण्यात तेच काम करते. गच्चीवरील टाकी भरून वाहू नये म्हणून तरंगता गोळा असलेला नळ असावा, आणि प्रत्येक जोडणीला मीटर. हे काम भिंती न पाडता गावचा नळकारागीर करू शकतो.

हिशेब मांडू. नवी टाकी दरडोई दररोज सुमारे 30 लिटर वाचवते. 2011 च्या जनगणनेनुसार पुणे शहराची लोकसंख्या 31 लाख होती. झोपडपट्टीतील माणूस सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभा असतो, म्हणून त्याला वगळून केवळ 15 लाख लोकांच्या घरी जुनी टाकी आहे असे धरू. तरीही वर्षाला 1,640 कोटी लिटर, म्हणजे अर्ध्या टीएमसीहून अधिक पाणी वाचते. कालव्याच्या गळतीत व बाष्पीभवनात त्यातील निम्मे गेले, तरी 40 सेंटिमीटर पाणी मागणाऱ्या रब्बी पिकाचे दोन हजार हेक्टर भिजते.

हे पाणी थेट निरवांगीला मिळेल, असे मात्र कोणी सांगू नये. निरवांगी नीरेच्या खोऱ्यातील. 1876-77 च्या दुष्काळानंतर उभारलेल्या व 1885 च्या सुमारास वाहू लागलेल्या नीरा डाव्या कालव्याच्या टेलकडचे. पुण्याचे पाणी खडकवासल्याचे. परंतु खडकवासल्याचा कालवाही दौंड ओलांडून इंदापूर तालुक्यातच संपतो. एकाच तालुक्याला दोन कालव्यांची शेपटे आली आहेत, आणि दोन्हीकडे शेवटच्या शेतकऱ्याची तक्रार एकच: शेजपाळीत नाव असते, चारीत पाणी नसते. 2021 मध्ये उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा निर्णय झाला, सोलापूरकर रस्त्यावर आले, निर्णय रद्द झाला. पुण्याच्या सांडपाण्याच्या वाट्यावरून दोन जिल्ह्यांतील शेतकरी एकमेकांसमोर उभे ठाकले, आणि मूळ पाणी वापरणारे शहर बाजूलाच राहिले.

शहरवासी विचारतील, ऊस किती पाणी पितो ते आधी पाहा. प्रश्न रास्त आहे. कालव्याच्या वरच्या अंगाचा ऊस टेलच्या ज्वारीचे पाणी पितो, हे आपण साखर कारखानदारांना न भिता बोलले पाहिजे. पण एका उधळपट्टीच्या आड दुसरीने लपणे योग्य नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यात पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी मोजले, भूमिहीनालाही हक्क दिला, आणि उसाला मनाई केली. हे तत्त्व शेताच्या बांधाशीच का थांबावे? सदनिकेचे क्षेत्रफळ वा नळाचा व्यास न पाहता तेथेही डोकी मोजावीत.

जुन्या इमारतींना हात लावता येत नाही, ही सबबही खरी नाही. तमिळनाडू सरकारने 2003 मध्ये वटहुकूम काढून पावसाचे पाणी साठविण्याची सोय आधीच्या इमारतींनाही मुदत घालून सक्तीची केली. बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने मार्च 2024 च्या टंचाईत व्यापारी संकुले, उपाहारगृहे व सार्वजनिक स्थळी तोट्यांना जाळ्या बसविण्याचा हुकूम काढला व दंड ठेवला. टंचाईच्या धाकाने का होईना, ते झाले. आपल्याकडे मिळकतकरात सवलतीचे गाजर दाखविले जाते. सवलत घेतो तो बंगलेवाला; भाडेकरूच्या हाती काहीच येत नाही.

म्हणून प्रारंभ सरकारने स्वतःच्या घरापासून करावा. जिल्हा परिषदेची व पंचायत समितीची कचेरी, एस.टी. स्थानके, शासकीय वसतिगृहे, रुग्णालये येथे वर्षभरात मीटर, टाक्या व तोट्या बदलाव्यात. खासगी मोठ्या संकुलांना मुदत द्यावी; लहान घरमालकाला व जुन्या चाळीला खर्च सरकारी निधीतून मिळावा, आणि त्यासाठी भाडे वाढविण्यास बंदी असावी. झोपडपट्टीच्या नळाला कात्री लावणे हा बचतीचा अर्थ मुळीच नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: वाचलेले पाणी कोणाचे, हे आधी लिहून घ्यावे लागेल. तसे न झाल्यास शहराच्या कडेला उभे राहणारे नवे मनोरे ते गिळतील. महापालिका व जलसंपदा खात्याच्या करारात पुण्याचा कोटा बचतीइतका दरवर्षी घटवावा, आणि तेवढे पाणी टेलच्या आवर्तनात प्रथम सोडावे. इंदापूर, दौंडच्या साथींनी पुढल्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीपूर्वी ही मागणी ग्रामसभांतून ठरावाने पाठवावी, आणि पुण्याच्या साथींनी आपापल्या वसाहतीतील जुन्या टाक्या मोजावयास आरंभ करावा.