पर्यटन गाडीत चढण्याआधी बंदूक जमा करा

दिवाळीच्या सुटीतल्या पर्यटन गाड्यांची आरक्षणं भरत आली आहेत. कुणी ज्योतिर्लिंगांच्या यात्रेला निघालंय, कुणी दक्षिणेतली देवळं पाहायला, कुणी काशी-अयोध्येला. 2025च्या जूनमध्ये मुंबईहून छत्रपती शिवाजी महाराज सर्किटची भारत गौरव गाडी सुरू झाल्यापासून रायगड, शिवनेरी, प्रतापगड, पन्हाळा एकाच फेरीत पाहणारी कुटुंबंही वाढली आहेत. या प्रवाशांपैकी ज्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर, पिस्तूल किंवा बंदूक आहे, त्यांना कळकळीची विनंती आहे: ते हत्यार या प्रवासात बरोबर घेऊ नका. निघण्याआधी रीतसर जमा करा, त्याची पोहोच घ्या आणि मगच बॅगा भरा.

गावठी कट्टा बाळगणाऱ्याला विनंती करण्यात अर्थ नाही, त्याच्यासाठी पोलिस आहेत. मी बोलते आहे ते सरळमार्गी परवानाधारकांशी. तुमची शेतावर वस्ती आहे, सराफी पेढी आहे, मजुरीची रोकड घेऊन आडवाटेनं जावं लागतं, किंवा तुम्ही सैन्यातून निवृत्त झाला आहात. परवान्यासाठी तुम्ही हेलपाटे घातलेत, पोलिसांच्या चौकशीला सामोरे गेलात. त्यामुळे ‘परवाना आहे ना, मग अडचण काय?’ असं तुम्हाला वाटणं स्वाभाविक आहे.

अडचण गाडीच्या स्वरूपातच आहे. नेहमीच्या गाडीत माणूस रात्री बसतो आणि सकाळी मुक्कामी उतरतो. पर्यटन गाडी हे सहा-आठ-दहा दिवसांचं बिऱ्हाड असतं. सकाळी स्टेशनवर उतरायचं, बसनं देवळात किंवा गडावर जायचं, संध्याकाळी पुन्हा आपल्या डब्यात. आता रोज सकाळी उतरताना त्या रिव्हॉल्व्हरचं काय करणार? काशी विश्वनाथाच्या आणि अयोध्येच्या मंदिरात साधा मोबाइल नेता येत नाही. तिरुमलाला घाट चढण्याआधी अलिपिरीलाच झडती होते. जत्रा, धार्मिक मिरवणूक किंवा असाच जमाव असेल तिथे हत्यार नेऊ नये, हे तर परवान्याच्या अटींमध्येच लिहिलेलं असतं. मग हत्यार मागे राहतं. बर्थखालच्या सुटकेसमध्ये, बसच्या चालकाजवळ, नाहीतर घरच्या बाईच्या पर्समध्ये.

एका तीर्थयात्रेत हे माझ्यासमोरच घडलं. गुडघा दुखत होता म्हणून मी दर्शनाला न जाता डब्यातच थांबले होते. शेजारच्या कप्प्यातले काका कापडी पिशवी घेऊन आले. अतिशय सज्जन माणूस, सगळ्यांची विचारपूस करणारा. म्हणाले, “ताई, तुम्ही आहातच ना डब्यात? एवढी पिशवी सांभाळा, तासाभरात येतो.” वर टॉवेल होता, त्याखाली औषधांचा डबा, आणि तरीही पिशवी भलतीच जड. विचारलं, तेव्हा त्यांनी हळू आवाजात सांगितलं. “भरलेलं आहे का?” “हो, पण काळजी करू नका.” मी पिशवी हातात घेतली नाही आणि सहल व्यवस्थापकाला बोलावलं. काकांचं दर्शन हुकलं. त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण समोरच्या बर्थवर दोन लहान भावंडं बसली होती आणि आदल्या संध्याकाळी काकांनी त्याच पिशवीतून त्यांना राजगिऱ्याच्या वड्या काढून दिल्या होत्या. खाऊ कुठे असतो हे मुलांना पक्कं कळलेलं होतं.

कायद्याच्या नजरेनंही काकांचं वागणं साधं नव्हतं. शस्त्रपरवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. शस्त्र अधिनियम 1959 नुसार परवानाधारकाचं हत्यार दुसऱ्यानं न्यायची मुभा आहे ती त्याच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी परवानगीनं, आणि तीही दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण किंवा परवानाधारकाचा स्वतःचा वापर एवढ्यापुरतीच. ‘जरा सांभाळा’ त्यात बसत नाही. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा 2019च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं आहे. विश्वासानं पर्स सांभाळणाऱ्या पत्नीला किंवा भिडेपोटी पिशवी धरणाऱ्या सहप्रवाशाला तुम्ही कशाच्या तोंडी देता आहात, याचा विचार करा. सार्वजनिक ठिकाणी हत्यार पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या प्रत्यक्ष ताब्यात असलं पाहिजे, असं 2016चे शस्त्र नियम सांगतात. तुम्ही गडावर आणि रिव्हॉल्व्हर यार्डात उभ्या असलेल्या डब्यात, याला ताबा म्हणत नाहीत. ते चोरीला गेलं तर रेल्वेकडे बोट दाखवता येणार नाही. बुक न केलेल्या सामानाची जबाबदारी मुळात प्रवाशाची असते.

परवाना एकदा उघडून त्यातलं क्षेत्र वाचा. तो महाराष्ट्रापुरता आहे की संपूर्ण भारतासाठी? सोमनाथ, उज्जैन, ओंकारेश्वर करणारी गाडी एका यात्रेत तीन राज्यं ओलांडते. सीमा कधी मागे पडली हे झोपेत कळतही नाही, आणि पलीकडे महाराष्ट्रापुरता परवाना चालत नाही.

‘गोळी अशी आपोआप थोडीच सुटते?’ असं म्हणणाऱ्यांनी 1 ऑक्टोबर 2024ची पहाट आठवावी. अभिनेते गोविंदा कोलकात्याला जायच्या तयारीत होते. जुहूच्या राहत्या घरी, निघण्याच्या गडबडीत, त्यांचं स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर हातातून पडलं आणि सुटलेली गोळी त्यांच्याच पायाला लागली. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचं टोक थेट भरलेल्या काडतुसावर टेकलेलं असू शकतं. ते घोड्याच्या बाजूनं आपटलं, तर चापाला बोट न लावताही बार उडतो. हे घरातल्या स्थिर जमिनीवर घडलं. पर्यटन गाडीत बॅग बर्थखालून ओढली जाते, वरच्या बर्थवरून खाली दिली जाते, फलाटावर आपटते, बसच्या डिकीत इतर बॅगांखाली दबते. रात्री इंजिन जोडताना बसणाऱ्या हिसक्यानं वरची पिशवी खाली येते, हे कुणी पाहिलेलं नाही? आणि दोन कप्प्यांमधली भिंत गोळी अडवण्यासाठी बांधलेली नसते. पलीकडे कुणीतरी झोपलेलं असतं.

चालत्या गाडीतून पळून जायला जागा नसते. 31 जुलै 2023च्या पहाटे जयपूर-मुंबई सुपरफास्टमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानानं आपला वरिष्ठ आणि तीन प्रवासी अशा चौघांना गोळ्या घातल्या. गाडी पालघर जिल्ह्यातून मुंबईकडे येत होती. बंदूक सरकारी होती, धरणारा हात शिकवलेला होता, आणि तरीही डब्यातल्या माणसांना काही करता आलं नाही. तुमच्या मनात तसलं काही येणार नाही, हे मी मान्य करते. पण दहा दिवसांच्या सहवासात खिडकीवरून, पंख्यावरून, जेवणाच्या पंगतीवरून शब्दाला शब्द वाढतो. वाद घालणाऱ्यांपैकी एकाकडे भरलेलं हत्यार आहे, एवढं कळलं तरी चेंगराचेंगरी व्हायला पुरतं.

आरक्षित डब्यात आपण घरच्यासारखे वावरतो, म्हणून तपासणीही सैलावते. त्याची किंमत मदुराईला मोजावी लागली. 26 ऑगस्ट 2023ला लखनौहून आलेल्या खासगी यात्रेचा डबा तिथल्या यार्डात उभा होता. पहाटे चहा करताना नियम मोडून आणलेल्या गॅस सिलिंडरनं पेट घेतला आणि नऊ यात्रेकरू गेले. मनाई सर्वांना ठाऊक होती, तरी सिलिंडर डब्यात पोहोचला आणि दिवसचे दिवस गाडीबरोबर फिरत राहिला. विमानतळावर हत्यार आधी जाहीर करावं लागतं, रिकामं करून सामानकक्षात द्यावं लागतं. आपल्या बहुतेक स्टेशनांवर बॅग यंत्रातून जातच नाही. म्हणून इथली पहिली आणि बहुधा शेवटची तपासणी तुमची तुम्हालाच करायची आहे.

अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा राज्यघटनेनं दिलेला हक्क आहे. तिथेही अ‍ॅमट्रॅक या राष्ट्रीय रेल्वेसेवेत प्रवासी डब्यात बंदूक नेता येत नाही. 24 तास आधी कळवावं लागतं, हत्यार रिकामं करून कुलूपबंद कडक पेटीत घालावं लागतं, आणि ती पेटी सामानाच्या डब्यातून जाते. ज्या गाडीला असा सामानाचा डबा नाही, त्या गाडीत बंदूकही नाही. आपल्या पर्यटन गाड्यांतही अशी पेटी ठेवा, असं काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही. देवदर्शनाच्या गाडीत शस्त्रागार कशाला हवं?

नेमबाज खेळाडूंची गोष्ट वेगळी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक जिंकणारे कोल्हापूर जिल्ह्यातले स्वप्नील कुसाळे रेल्वेतच तिकीट तपासनीस होते. खेळाडूला स्पर्धेसाठी रायफल न्यावीच लागते आणि ती कशी न्यायची याची शिस्त त्याच्या अंगवळणी पडलेली असते. त्यांच्या पालकांना एवढंच सांगणं आहे की स्पर्धेचा प्रवास आणि देवदर्शन एकाच फेरीत उरकू नका.

आता हत्यार ठेवायचं कुठे? रिकाम्या घरात चोरीची भीती वाटते, म्हणून अनेकजण ते बरोबर घेतात, आणि ही भीती खरी आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेत तुम्ही पोलिस ठाण्यात हत्यार जमा केलं असेल, तर ती वाट तुमच्या पायाखालची आहे. ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्या, प्रवासाच्या तारखा लिहा, हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या नोंदवून पोहोच घ्या. सुरक्षित ठेवीचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडेही ते ठेवता येतं. बँकेच्या लॉकरचा विचार मात्र करू नका. तिथल्या करारातच शस्त्रं आणि स्फोटकं ठेवायला मनाई आहे. मेहुण्याकडे, शेजाऱ्याकडे, गावाकडच्या भावाकडे ठेवणं म्हणजे त्यांनाही विनापरवाना करणं. आणि कुठल्याही जॅकेटच्या किंवा बॅगेच्या कोपऱ्यात एखादं सुटं काडतूस राहिलंय का, हे निघण्याच्या आदल्या दिवशी उजेडात बघा.

सहल काढणाऱ्या मंडळांनी आणि कंपन्यांनी संकोच सोडावा. यात्रेआधीच्या बैठकीत तुम्ही औषधं, स्वेटर, आधार कार्ड यांची यादी वाचता. त्याच यादीत ‘कोणतंही शस्त्र व काडतूस आणू नये’ हे वाक्य मोठ्यानं वाचा आणि नोंदणीच्या अर्जावर सही घ्या. प्रतिष्ठित गिऱ्हाईक दुखावेल म्हणून हा प्रश्न टाळणं बरोबर नाही. आयआरसीटीसीनं आपल्या पर्यटन गाड्यांचं सामान पहिल्या स्टेशनवर चढतानाच यंत्रातून काढावं, ही मागणी प्रवासी संघटनांनी लावून धरायला हवी.

लहान मुलांच्या सामानातलं टिकल्यांचं पिस्तूलही घरी ठेवा. दिवाळी आहे, मुलं हट्ट करतील. पण फटाके, टिकल्या गाडीत न्यायला मनाई आहेच, आणि बंद डब्यात रात्री ‘फट्’ असा आवाज झाला, तर अर्धी माणसं दाराकडे धावतील. तरुण मुलांना गडाच्या बुरुजावर वडिलांचं रिव्हॉल्व्हर हातात धरून रील करायची हौस असते. सार्वजनिक ठिकाणी हत्यार परजायलाच बंदी आहे आणि ती रील पोलिसांच्याही मोबाइलवर पोहोचते.

डब्यात कुणाकडे हत्यार आहे असं कळलं, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, बॅगेला हात लावू नका, व्हिडिओ काढू नका. मुलांना शेजारच्या डब्यात न्या, गाडीतल्या सुरक्षारक्षकाला सांगा आणि 139 वर फोन करून गाडी क्रमांक, डबा क्रमांक आणि पुढचं स्टेशन कळवा. कुणी पिशवी सांभाळायला दिली, तर आत काय आहे ते विचारायला लाजू नका, आणि उत्तर पटलं नाही तर ती घेऊ नका.

तुमची गाडी येत्या पंधरवड्यात असेल, तर सणाच्या बंदोबस्तात ठाण्यातली माणसं गुंतायच्या आत अर्ज द्या. बरोबर मूळ परवाना आणि त्याची झेरॉक्स न्या. हत्यार घरातच रिकामं करा, काडतुसं वेगळ्या डबीत ठेवा आणि नळी कुणाकडेही वळणार नाही अशा बेतानं ते केसमध्ये घालून ठाण्यात जा.